नवमी होऊ दे

रक्त तिसऱ्यांदा दिसलं ती चैत्रातली सप्तमी होती, आणि हेमाताईंच्या तोंडून निघालं ते फक्त "रामा!" बाथरूमचा नळ त्यांनी उगाचच मोठा सोडला. बाहेर सून डबा भरत होती, नवरा पेपर वाचत होता. नळाच्या आवाजानं त्यांच्यापासून काय लपणार होतं, ते त्या रामालाच ठाऊक.

परवा नवमी. नारायण पेठेतल्या जुन्या राममंदिरात जन्माचं कीर्तन त्यांचं होतं.

जन्माचं कीर्तन म्हणजे काय, हे ज्यानं चैत्राच्या उन्हात सभामंडपात दाटीवाटीनं बसून ऐकलंय त्यालाच कळेल. आधीचे आठ दिवस आठ कीर्तनकार येऊन जातात. पण नवव्या दिवशी उभं राहायचं ते माध्यान्हीचा सूर्य हाताशी धरून. कथा अशी हाकायची, की घड्याळाचे बारा ठोके आणि कौसल्येच्या महालातला पहिला टाहो एकदमच कानी पडले पाहिजेत. घाई झाली तर राम जन्मून मोकळा आणि लोक गुलालाची मूठ आवळून बसलेले. लांबण लागली तर उपाशी मंडळींच्या माना एकजात घड्याळाकडे. हेमाताईंनी उभं आयुष्य कीर्तनात घालवलं होतं. सोसायट्यांचे गणपती झाले, कोकणातले उत्सव झाले, नगरपर्यंतची देवळं झाली. पण या देवळानं जन्माचं कीर्तन कधी बाईला दिलं नव्हतं. यंदा नेहमीच्या बुवांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि विश्वस्त श्यामसुंदरराव घरी आले. चहा संपवून, कपबशीकडे बघतच त्यांनी विचारलं होतं, "ताई, तुमचं ते... आता काही नसतं ना?"

"संपलं," हेमाताई म्हणाल्या होत्या. "दोन वर्षं होतील. रामानं मोकळं केलं."

आणि खरंच केलं होतं. बाईनं कीर्तन करायचं म्हणजे आधी कॅलेंडर आणि मग देव. कितीतरी तारखा त्यांनी सोडून दिल्या होत्या. ज्या सोडवल्या नाहीत त्या पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या खाऊन निभावल्या होत्या. तोंडात मळमळ, पाय शिशासारखे जड, आणि चेहऱ्यावर भक्तीचं हसू. त्या गोळ्यांचा त्यांना असा वीट आला होता की पाळी जाताना अंगातून वाफा निघू लागल्या, झोप उडाली, तेव्हा त्यांनी घरात जाहीरच केलं: आता डॉक्टरची गोळी नाही. शरीर निसर्गानं दिलं, निसर्गच त्याला रुळावर आणील.

म्हणून मग ओवी. ओवी ही हेमाताईंच्या नवऱ्याची, माधवरावांची भाची. वाघोलीला राहायची आणि घराच्या हॉलमध्ये बायकांचा वर्ग घ्यायची. हार्मोन्सचं संतुलन, तेही नैसर्गिक पद्धतीनं. सकाळी जवसाची पूड, दुपारी तीळ, रात्री दुधातून शतावरी कल्प. दिवेलागणीच्या आत जेवण, पहाटे टेकडी. हसण्यावारी नेण्यासारखं हे काही नव्हतं. हेमाताईंना गुण आला होता. त्या पुन्हा रात्रभर झोपू लागल्या, वाफा कमी झाल्या, आवाजाची धार परत आली. शिष्येचा गुरूवर बसतो तसा मामीचा भाचीवर विश्वास बसला.

आणि मग, संक्रांत होऊन गेल्यावर कधीतरी, पहिला डाग दिसला. हेमाताईंनी लाजत लाजत ते वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपवर फुलांचा पाऊस! 'शरीर लयीत येतंय मामी', ओवीनं लिहिलं. 'काकूंचं वय उलटं चाललंय', कुणीतरी लिहिलं. पंचावन्नाव्या वर्षी असं कुणी म्हटलं तर कुठल्या बाईला बरं वाटणार नाही? हेमाताईंना वाटलंच. दुसऱ्या खेपेला मात्र गाठी गेल्या, आणि ते त्यांनी ग्रुपवर टाकलं नाही.

आज तिसरी खेप. त्या बाहेर आल्या तेव्हा ऋचा, त्यांची सून, खोलीच्या दारात उभी होती.

"आई, माझ्या कपाटातून पॅड्स तुम्ही घेतलीत?"

"हळू बोल."

"कुणासाठी घेतलीत?"

"माझ्यासाठी. आलीये."

"काय आलीये?"

"तुला येते तीच. आभाळातून नाही पडत काही."

ऋचानं लॅपटॉपची बॅग खांद्यावरून खाली ठेवली. ऑफिसची बस चुकणार हे दिसत असूनही तिनं ती खाली ठेवली, हे हेमाताईंच्या नजरेतून सुटलं नाही.

"आई, दोन वर्षं बंद होती ना तुमची? मग ही पाळी नाहीये. असं ब्लीडिंग तपासायलाच लागतं. माझ्या मैत्रिणीच्या आईचं... जाऊ दे. मी आजच अपॉइंटमेंट घेते."

"नवमी होऊ दे."

"नवमीचा काय संबंध?"

"तुला नाही कळायचा."

"मग सांगा ना! मी काय आयटीत आहे म्हणून मला राम माहीत नाही का?"

हेमाताई आख्यानाची वही शोधू लागल्या. संबंध त्यांना चांगलाच ठाऊक होता. पण तो मोठ्यानं बोलायचा म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत होती. दिवसभर त्या आख्यान घोकत राहिल्या. दशरथाचा यज्ञ झाला, पायसाचे वाटे झाले, आणि तीन राण्यांपाशी येऊन गाडी पुन्हा पुन्हा अडू लागली. ओटीपोटात एक मुकी कळ बसली होती. ती उठायचं नाव घेत नव्हती.

संध्याकाळी ओवी आली. नवमीच्या दिवशी मामीच्या अंगात ताकद राहावी म्हणून जवसाचे लाडू घेऊन, इतक्या ट्रॅफिकमधून, वाघोलीहून. ऋचा जणू तिचीच वाट बघत होती.

"ओवी, दोन वर्षांनी परत आलेल्या पाळीला तू अभिनंदन कसं काय म्हणालीस गं?"

ओवी लाडवाचा डबा उघडत होती. तिचा हात थांबला. "दोन वर्षांनी?"

"बघा आई, हिला माहीतच नाही," ऋचा म्हणाली.

"मामी, तुमची बंद होती? पूर्ण? मला वाटलं, मागंपुढं होतेय."

"तू वर्गात विचारलंस, कुणाची अनियमित आहे, हात वर करा. मी केला."

"पण बंद होती तर..."

"बंद कुणाची, असं तू विचारलंसच कुठं?" हेमाताईंचा आवाज चढला. देवळाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचणारा तो आवाज, दोन खोल्यांच्या घरात मावेना. "त्या एवढ्या एवढ्या पोरी बसलेल्या. त्यांच्यात मी काय 'संपलं बाई माझं' म्हणून वेगळी बसू? तीस काय नि पन्नास काय, बाई ती बाई. केला हात वर!"

ओवी मटकन खुर्चीवर बसली. "मामी, बंद झाल्यावर रक्त आलं तर ते डॉक्टरकडेच न्यायचं. मला शिकवताना हेच पहिलं सांगितलं होतं. आणि मी तुम्हाला फुलं पाठवली! विचारायला नको का मी? नुसते हात मोजत बसले." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "उद्याच चला. मी येते बरोबर."

"म्हणजे आता तूही!" हेमाताई म्हणाल्या. "सगळ्यांना उद्याच जायचंय. परवा मला रामापुढं उभं राहायचंय त्याचं काय?"

तेव्हा कोपऱ्यातला पेपर खाली आला. माधवराव शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. बोलायचे कमी, आणि बोलले की समोरच्याला वाटायचं, कमीच बोलतात तेच बरं.

"हेमा, मला तुझं शास्त्र कळत नाही, ओवीचंही कळत नाही. पण एकाच गणिताची तू दोन उत्तरं लिहून ठेवली आहेस. वाघोलीत सांगतेस, पाळी परत आली. उत्तम. मग श्यामसुंदररावांना फोन कर, की परवा मला उभं राहता येत नाही. देवळात सांगणार, पाळी नाही. तेही उत्तम. मग हे रक्त कसलं, ते विचारायला डॉक्टरांना फोन कर. दोन्ही फोन वाचवायचे म्हणतेस ते कसं जमायचं?"

माधवरावांनी चष्मा पुसला, पेपर पुन्हा वर केला. पण पान उलटलं नाही.

हेमाताई देवघरापाशी जाऊन बसल्या. समई तेवत होती. पितळेचा राम नेहमीसारखाच हसत होता. यानं तरी काही विचारू नये, असं त्यांना वाटलं. तो विचारत नव्हताच. त्याला विचारायची गरज काय? विटाळ पाळायचा की नाही, या वादात त्या कधी पडल्या नव्हत्या. सासूबाईंनी पाळला, त्यांनी पाळला. ज्या देवळात जसा शिरस्ता तसं वागायचं. पण विश्वस्तांना एक सांगायचं, भाचीला दुसरं सांगायचं, आणि दोन्हींच्या मधल्या अंधारात लपून गळ्यात हार घालून घ्यायचा, याला शिरस्ता म्हणत नाहीत. आणि त्या अंधारात आणखीही काहीतरी बसलं होतं. त्याचं नाव ऋचानं 'जाऊ दे' म्हणून गिळलं होतं.

फोन वाजला. श्यामसुंदरराव.

"ताई, फुलांचा पाळणा तयार होतोय हो! परवा अकरालाच या म्हणजे झालं. बाकी सगळं ठीक ना?"

"ठीक..." हेमाताई म्हणाल्या, आणि त्यांची नजर पितळेच्या रामाकडे गेली. "श्यामसुंदरराव, उद्या संध्याकाळी सांगते."

"सांगते म्हणजे? ताई, फलकावर नाव लागलंय तुमचं!"

"लागू दे. खोटं घेऊन रामापुढं उभं राहायचं तर ते नाव काय कामाचं? उद्या सांगते म्हटलं ना." त्यांनी फोन ठेवला. मग वळून म्हणाल्या, "ऋचा, घे ती तुझी अपॉइंटमेंट."

डॉक्टर मेहजबीन यांचा दवाखाना कर्वेनगरात, घरापासून जवळच होता. त्या पुण्यातल्याच पिढ्यान्‌पिढ्यांच्या, पेठेतल्या बाईला लाजवील असं मराठी बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. जवस, तीळ, शतावरी, टेकडी, काही हसण्यावारी नेलं नाही की हातही झटकला नाही. मग सोनोग्राफी केली. पडद्यावरचं ते राखाडी ढगाळ चित्र हेमाताईंना कळत नव्हतं, म्हणून त्या डॉक्टरांचा चेहरा वाचत राहिल्या. तो चेहरा एका ठिकाणी येऊन थांबला आणि तिथंच राहिला.

"हेमाताई, गर्भपिशवीचं अस्तर जाड झालंय. तुमच्या वयाला असायला हवं त्यापेक्षा बरंच. आत्ताच एक छोटा तुकडा काढून तपासायला पाठवते. दुखेल थोडं."

"कॅन्सर आहे?"

"तुकडा बघितल्याशिवाय सांगणार नाही. नसेलही. असेल तर लवकर कळलेला बरा."

"पण मग ही पाळी...?"

"ही पाळी नाही. हे रक्त पाळीचं नाहीच."

दुखलं, थोडं नव्हे चांगलंच दुखलं. हेमाताईंनी ओठ दाबून नाम घेतलं. उठून बसल्यावर त्यांनी ओवीला आणि ऋचाला बाहेर पाठवलं.

"डॉक्टर, एक विचारू? वेडगळ वाटेल. उद्या माझं कीर्तन आहे. जन्माचं. पाळीत आम्ही उभ्या राहत नाही."

मेहजबीन हातमोजे काढता काढता थांबल्या. "वेडगळ कशाला? आमच्याकडेही पाळीत नमाज नसते. पण आजाराचं रक्त जात असेल तर नमाज सुटत नाही. वुजू करायचं, म्हणजे हात-तोंड-पाय धुवायचे, आणि उभं राहायचं. माझी आजी सांगायची, आजाऱ्याला देवानं दारातून परत पाठवलं तर मग बोलवायचं कुणाला?" मग त्यांचा आवाज पुन्हा डॉक्टरचा झाला. "तुमच्या देवळाचं मी काय सांगणार? शरीराचं सांगते. थोडं रक्त जाईल, जास्त गेलं किंवा गरगरलं तर आहात तिथं बसायचं. आणि शतावरी तूर्त बंद. तिनं हे केलं असं मी म्हणत नाही, पण रिपोर्ट येईपर्यंत नको. टेकडी, लवकर जेवण, झोप, ते सगळं चालू ठेवा. त्यानं तुम्हाला बरंच वाटलंय. फक्त रक्त दिसलं की त्याला आनंदाची बातमी समजायचं नाही."

रिक्षात हेमाताई डॉक्टरांचं 'ही पाळी नाही' मनात घोळवत होत्या. काय गंमत केली होती रामानं! जे वाक्य ऐकायला त्यांचा जीव घाबरत होता, त्याच वाक्यानं देवळाचं दार उघडलं होतं. पाळी असती तर त्या निरोगी होत्या आणि बाहेर होत्या. पाळी नव्हती, म्हणून आत जाता येत होतं, आणि आत जाताना बरोबर काय घेऊन जायचं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. घरी येताच त्यांनी श्यामसुंदररावांना फोन करून सगळं सांगितलं. रक्त, सोनोग्राफी, तुकडा, सगळं.

"ताई," श्यामसुंदरराव हळू आवाजात म्हणाले, "माझी थोरली बहीण अशीच... कुणाला बोलली नाही ती. तुम्ही या. वाटलंच तर खुर्ची ठेवतो."

"खुर्ची नको. कीर्तन उभ्यानं करतात."

नवमीला देऊळ असं भरलं होतं की खांबांनासुद्धा घाम फुटावा. हेमाताई नऊवारीत उभ्या होत्या, हातात झांजा, गळ्यात हार, कपाळी बुक्का. पूर्वरंग बरा गेला. उत्तररंगाला आख्यान लावलं, अयोध्या उभी केली, यज्ञ पेटवला. काटा वर सरकत होता. आणि कौसल्येला कळा सुरू झाल्या त्याच वेळी त्यांना आपल्या आत काहीतरी ऊन, ओलं सरकलेलं जाणवलं.

शब्द गेले. असे गेले की जणू कधी पाठच नव्हते. पेटीवाल्यानं वर बघितलं आणि सूर धरून ठेवला. तबलजीनं ठेका हलका केला. बायकांच्या बाजूला ऋचा गुडघ्यांवर उठून बसली. तिच्या शेजारी ओवीनं तोंडावर हात घेतला. हेमाताईंना पायाखालची फरशी दिसली. आता बसावं. बसलं तर काय होईल? कुणी रागावणार नाही. पण त्या खाली बसल्या तर ती भीती मात्र उभी राहील, आणि मग ती सगळ्या घराला पुरून उरेल.

त्यांनी श्वास घेतला.

"मंडळी," त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य त्यांनी घोकलेलं नव्हतं, "कौसल्यामाईला कळ आली. आता मला सांगा, तिनं सुईणीला हाक मारली की नाही? का म्हणाली, थांबा हो, एवढी नवमी होऊ दे, मग बघू?"

सभामंडपात हशा पिकला. बायकांच्या बाजूला तर जास्तच.

"अहो, नवमी व्हायची होती तीच मुळी त्या सुईणीच्या हातानं! साक्षात परमेश्वर पोटात असताना त्या माउलीनं दाई बोलावली. आणि आपण? आपलं दुखणं पदराखाली झाकायचं आणि वर म्हणायचं, बघेल राम! राम बघतो हो. पण तो कुणाच्या डोळ्यांनी बघतो, कुणाच्या हातानं धरतो, ते ओळखायचं आपण!"

हसणं ओसरलं. मागं कुणीतरी म्हातारी बाई मोठ्यानं "अगदी खरं" म्हणाली. पेटीनं सूर उचलला, शब्द आपल्या पायांनी परत आले. हेमाताईंनी झांजा वाजवल्या, कथा महालात नेली, दाईला आत घेतलं, दार लावलं. पोटातली कळ आणि कथेतली कळ यांतलं अंतर आता त्यांना मोजता येत नव्हतं. त्या गात होत्या. घड्याळाकडे त्यांनी बघितलं नाही. गुलाल उडाला, घंटा झाल्या, तेव्हाच त्यांना कळलं की बारा वाजले. पाळण्याची दोरी त्यांच्या हातात कुणी दिली तेही कळलं नाही. दोरी मऊ होती आणि पाळणा हलत होता.

आरती संपताच ऋचानं त्यांना खांद्याला धरून मागच्या दारानं नेलं. फार रक्त गेलं नव्हतं. भीतीला ते समुद्राएवढं वाटलं होतं.

नवमीनंतरचे दिवस हेमाताईंच्या घरानं जसे काढले तसे वैऱ्यालाही काढायला लागू नयेत. माधवराव शब्दकोडं घेऊन बसायचे आणि सगळे चौकोन कोरे ठेवायचे. ओवी रोज यायची, भाजी निवडून जायची. एकदा फक्त म्हणाली, "वर्गात आता प्रत्येकीशी वेगळं बोलते, मामी. हात वर करायला लावत नाही."

रिपोर्ट आला तेव्हा सगळेच दवाखान्यात होते. मेहजबीननी कागद वाचला, खाली ठेवला आणि सरळ हेमाताईंकडे बघितलं.

"कॅन्सर नाही दिसला. पण पेशी बिघडायला लागल्यात. असंच राहिलं असतं तर पुढं काय झालं असतं ते मी सांगत नाही. गर्भपिशवी काढावी लागेल, आणि काढल्यावर ती पूर्ण तपासू. वेळेत आलात."

ऋचा रडू लागली. माधवरावांनी खिशातून रुमाल काढला, आधी तिला दिला, मग परत मागितला.

"कधी?" हेमाताईंनी विचारलं.

"उद्या दाखल व्हा, परवा सकाळी करू." डॉक्टरांचं बोट कॅलेंडरवर थांबलं. त्यांनी जरा चाचरत वर बघितलं. "परवा हनुमान जयंती आहे. तुमचं कुठं कीर्तन आहे का?"

बरोबर आलेली तिघंही हेमाताईंच्या तोंडाकडे बघू लागली.

"होतं," हेमाताई म्हणाल्या, आणि पिशवीतून चष्मा काढून दाखल होताना काय काय आणायचं ते विचारू लागल्या.